सातव्या घरापाशी अडलेली फेरी

मु. पो. : शेवटी लिहिलं आहे
शुक्रवार, दुपारचे दोन

तीर्थस्वरूप सावळेरामदादा यांसी,

सुभाषचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (पायांवर डोकं ठेवायचं बाकी आहे, ते समक्ष.) आपली प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? पिंपळवंडीची हवा आपल्या डोंगरासारखी ओली नाही, त्यामुळे तो गेला असावा असा माझा अंदाज आहे. तरी तुमच्या भावजयीने वाडीचा हिरडा पुरचुंडीत बांधून दिला आहे, तो मिळेलच. लंकावहिनींचा गुडघा काय म्हणतो? लेकीच्या घराला पायऱ्या किती आहेत? (पाच आहेत हे मला आत्ताच कळलं. कसं कळलं ते विचारू नका.) जावईबापूंचा टोमॅटो यंदा चांगला आहे असं गाडीत दोन माणसं बोलत होती, ऐकून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहिण्याइतपत ठीक आहे. अक्षर वाकडं येतं आहे, त्याबद्दल माफी असावी. लिहायला टेबल नाही. मांडीवर पिशवी, पिशवीवर वही, असा कारभार आहे. पण या पत्रात टेबल पुढे इतक्या वेळा येणार आहे की तुम्हीच म्हणाल, आता पुरे कर.

दोन वर्षांत ज्याने चार ओळी लिहिल्या नाहीत तो आज एवढं मोठं पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. सोनलचं लग्न ठरलं आहे हे तुमच्या कानावर आलंच असेल. मुलगा निमगाव साव्याचा, पाहुणे चांगले आहेत. लग्न येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. पण हे आमंत्रणाचं पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमंत्रण द्यायचा अधिकार माझ्याकडे उरलेलाच नाही, तो तुमच्या भावजयीने काढून घेतला आहे. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी बायडाबाईंनी चुलीपुढे बसल्या बसल्या हुकूम काढला : "तुमच्या त्वांडाला यष्टीची सवय हाय. या बारीला आवतान द्यायला तुमी जायाचं न्हाय." त्यावर सोनलने आणखी एक हुकूम काढला, तो असा की लंकाकाकू हळद लावणार नसतील तर ती हळदीला बसणार नाही. आता या दोन हुकुमांच्या मध्ये मी कुठे उभा राहू? पोरीचंही खरं आहे. मी कंडक्टर, कायम मुक्कामाच्या गाडीवर, तिची आई भातखाचरात. सोनल चालायला शिकली ती तुमच्या ओट्याची कड धरून, आणि पहिल्यांदा पडली तीसुद्धा तुमच्याच ओट्यावरून. असो. मला फक्त माझ्यावर गुदरलेला प्रसंग कुणाला तरी सांगायचा आहे. वाडीत आता कुणी ऐकून घेत नाही.

आमच्या नव्या घराच्या घरभरणीच्या वेळचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने एकदा लिहितो. आवतानाचा नियम तुम्हीच मला शिकवलात. शेजारापाजाऱ्याला 'घरटी एक' म्हणायचं, म्हणजे त्या घरातून एका माणसाने जेवायला यायचं. भाऊकीला 'चूलबंद' म्हणायचं, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी मांडवात यायचं. इतका सोपा नियम. आपल्या वाडीत घरं तेवीस, त्यातली पहिली सहा भाऊकीबाहेरची. मी पहिल्या घरापासून निघालो आणि सहा दारांत सहा वेळा 'घरटी एक माणूस' म्हणालो. तेहतीस वर्षं गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हटलेली जीभ आहे दादा, एकदा लागली की ती आपोआप चालते. सातव्या दारात तुम्ही उभे होतात, आणि मी तुमच्या तोंडावर म्हणालो, 'घरटी एक माणूस.' आठव्या घरात सयाजीबुवांनी तिथल्या तिथे 'आँ?' केलं, तेव्हा मी जीभ चावून 'चूलबंद' म्हणालो. तुम्ही मात्र नुसतं 'बरं' म्हणालात. (तुमच्या त्या 'बरं'ला मी अजून भितो.) मी मागे फिरायला हवं होतं. पण सुटलेला थांबा घ्यायला गाडी मागे नेत नाहीत, तशी माझीही सवय. तुम्ही एकटे आलात, खाली मान घालून जेवलात, हात धुतलेत आणि गेलात. वहिनींनी मात्र भाऊकी म्हणून चूलबंदच धरून सकाळी चूल पेटवली नव्हती, त्या दिवसभर उपाशी. संध्याकाळी बायडाबाईंच्या लक्षात आलं आणि तिने ताट झाकून नेलं, तेव्हा वहिनी दारातूनच म्हणाल्या : "आमच्या घरचा एक जेवून आला. आकडा भरला. ताट न्या माघारी." यावर मी पाय धरायचे, तर मी काय म्हणालो? भाऊकीला आवतान लागतंच कशाला, असं म्हणालो. दिवाळीत तुम्ही लेकीकडे गेलात आणि सातव्या घराला कुलूप लागलं.

आता मूळ प्रसंग. तोंडाने आवतान द्यायची बंदी झाली, तेव्हा मी ठरवलं की तेवीस घरांची यादी कॉम्प्युटरवर घालून दाखवायची, म्हणजे चूक व्हायला जागाच नको. घोडेगावात नथमलशेठच्या भांड्यांच्या दुकानावर त्यांची मुलगी सिद्धी कॉम्प्युटरचा वर्ग घेते. पाटीवर लिहिलं होतं : 'टेबल शिका, लूप शिका. नवी बॅच आजपासून.' टेबल म्हटलं की मला टाइमटेबल एवढंच माहीत. मला वाटलं, हे आपल्याच खात्यातलं दिसतंय. शेठ गल्ल्यावर होते. ते माझ्या गाडीचे जुने पाशिंजर, त्यांनी जिन्यातून वर हाक मारली, "सिद्धी, मास्तर आलेत गं!" वर गेलो तर कॉलेजची सात-आठ पोरं-पोरी खुर्च्या सरकवून उभी राहिली आणि एका सुरात 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली. त्यांचं काय चुकलं? यष्टीतल्या कंडक्टरला मास्तर म्हणतात हे त्या पोरांच्या कानावर कुठून असणार, ती सगळी मोटारसायकलवाली. मी त्यांना हाताने बसा बसा केलं आणि मागच्या दाराजवळची खुर्ची धरली. (ती माझी नेहमीची जागा.) अर्ध्या तासाने मला समजलं की हा यादीचा वर्ग नाहीच, इथे कॉम्प्युटरवरचे खेळ कसे बनवायचे ते शिकवतात. उठून जायला हवं होतं. पण भरल्या गाडीतून मधेच उतरायचं म्हणजे सगळ्यांना उठवावं लागतं, म्हणून बसून राहिलो.

आणि दादा, खोटं नाही सांगत, मला ते जमायला लागलं. सिद्धी मॅडम (वय सव्वीस, पण मॅडम) सांगत होत्या की टेबल म्हणजे ओळीने मांडलेल्या जागा. प्रत्येक जागेवर एक वस्तू, तिला ऑब्जेक्ट म्हणायचं, आणि त्या वस्तूच्या पोटात तिचं नाव, रंग, ती कुठे उभी आहे, अशी माहिती. आणि लूप म्हणजे त्या जागांवरून एकेक करत फिरायचं, आणि प्रत्येक जागेवर तेच काम करायचं. वर्गात सगळ्यांचे चेहरे कोरे. मी एकटाच मान हलवत होतो. ही तर फेरी! पहिल्या शिटापासून निघायचं, प्रत्येक शिटापाशी थांबायचं, तेच विचारायचं, शेवटच्या शिटाशी पोचलं की घंटी. मी असं म्हणालो, तर मॅडमनी फळ्यावरचं सगळं पुसलं आणि यष्टी काढली. त्या दिवसापासून वर्गात लूपला फेरीच म्हणतात. कॉम्प्युटरच्या या भाषेत मोजणी एकपासून सुरू होते, आणि दुसऱ्या काही भाषांत म्हणे शून्यापासून होते. शून्य नंबरच्या शिटावर ड्रायव्हर बसत असावा. फेरी संपली की 'एंड' असा शब्द लिहावा लागतो, तो मी पहिले आठ दिवस विसरत होतो आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. मॅडम म्हणाल्या, "काका, डबल बेल कोण मारणार?" तेव्हापासून एकदाही विसरलो नाही. (जरा थांबलो होतो. एक कुत्रं येऊन माझी चप्पल हुंगून गेलं.)

मग त्यांनी प्रत्येकाला आपापल्या माहितीतला खेळ बनवून आणायला सांगितला. पोरांनी राक्षस आणले, तलवारी आणल्या. मी आपली वाडी आणली. मागे डोंगर, पुढे भातखाचरं, मधे तेवीस घरं, आणि खाकी शर्ट घातलेला एक माणूस. (पोट मी मुद्दाम कमी ठेवलं.) एक बटण दाबलं की तो माणूस फेरीला निघतो, प्रत्येक दारात आवतान देतो, आणि त्या घरातून माणूस निघून मारुतीपुढच्या मांडवात जाऊन बसतो. सगळी तेवीस घरं टेबलात घातली. सातव्या घराशी आलो आणि हात थांबला. कुलूप लागलेल्या घराचं काय लिहायचं? मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, जिथे काहीच नसेल तिथे 'निल' लिहा. निल म्हणजे काही नाही. मी लिहिलं. इथे एक कबूल करतो, दादा. कुलपाचं फक्त निमित्त होतं. साखरपुड्याला तुम्ही दोघं आला नाहीत याचा मला राग होता. मी तुम्हाला मोबाइलवर कळवलं होतं. (ज्या गटात कळवलं त्यात तुम्ही नाही, हे नंतर समजलं.) रागाच्या भरात मी तुमच्या घरावर निल मारला आणि मला त्या वेळी बरं वाटलं. ते बरं वाटणं चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी लग्नाचं ठरवायला भाऊकी बसली. मांडव कुणी घालायचा, आचारी कुठला, पाणी कुठून, हे बोलणं संपल्यावर मी खाकरून उभा राहिलो आणि म्हणालो, आवतानाची काळजी आता कुणी करायची नाही. सिद्धी मॅडमना मी घोडेगावहून मुद्दाम आणलं होतं. त्यांनी समाजमंदिरातल्या टीव्हीला आपला कॉम्प्युटर जोडला. पडद्यावर वाडी दिसली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. आपापली घरं ओळखायला लागले, कुणाच्या दारातला फणस विसरला म्हणून मला बोल लावायला लागले. मी बटण दाबलं. खाकी माणूस निघाला. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं, मांडवात माणसं बसायला लागली. मी बायडाबाईंकडे पाहिलं, तिच्याही चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं. (थोडंच, पण मला दिसलं.) सहाव्या घराचं आवतान झालं आणि खाकी माणूस वळला आणि सरळ स्वतःच्या घरी जाऊन ओट्यावर बसला. पडद्यावर वाजंत्री वाजली, फटाके फुटले, 'सर्वांना आमंत्रण पोचले' अशी पाटी आली. मांडवात सहा माणसं. आणि तीही सगळी भाऊकीबाहेरची.

मग आठव्या घराचे सयाजीबुवा उठले. "माझं घर ऱ्हायलं," म्हणाले. नववं घर उठलं, दहावं उठलं. मॅडम बिचाऱ्या समजावून सांगत होत्या की चूक खेळात नाही, या फेरीचा नियमच असा आहे. ही ओळीने जाणारी फेरी आहे. तिला मधे एक जागा रिकामी लागली की तिला वाटतं, यादी संपली. सातव्या जागी निल आहे, म्हणून ती सहाव्यावर संपली. मला हा नियम ठाऊक नव्हता. तुम्हीच सांगा, पहिल्या रिकाम्या शिटापाशी डबल बेल मारून परत फिरणारा कंडक्टर कुणी पाहिला आहे का? पण सयाजीबुवांना खेळाचा नियम नको होता. ते मॅडमना म्हणाले, "म्हंजे सावळेरामाचं घर न्हाय, म्हून त्येच्या फुडं आमी बी कुनी न्हाय?" मॅडम म्हणाल्या, हो आजोबा, तसंच. "मंग त्ये घर निल केलं कुनी?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्या चांगल्या घरच्या आहेत. पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. सोनल उठून बाहेर गेली. दादा, भर गाडीत तपासनीस चढावा आणि आपल्याच खिशात तिकिटाचा पंच नसावा, तसं मला झालं. लाज वाटली. साधी, सरळ लाज.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने वर्गात हजर. मॅडमना म्हणालो, काहीही करा पण सातवं घर वगळून फेरी पुढे न्या. (तेव्हासुद्धा वगळूनच म्हणालो, पाहा माझी अक्कल.) त्यांनी आधी दुसऱ्या जातीची फेरी दाखवली. तिला रिकाम्या जागेचं काही वाटत नाही, जे आहेत तेवढ्यांना ती भेटते. त्यासाठी मी घरांचे नंबर काढून त्यांना नावं दिली. पण ती फेरी ओळ पाळायला बांधलेली नाही. खाकी माणूस आधी एकोणिसाव्या घरात गेला, मग तिसऱ्या, मग बाविसाव्या, आणि मारुतीच्या पायरीवर ठेवायचा पहिला नारळ त्याने सगळ्यात शेवटी ठेवला. असं आवतान दिलं तर लग्नाआधी मारामाऱ्या होतील. ते रद्द केलं. मग मॅडमनी एक आज्ञा सांगितली, तिच्यामुळे मधली जागा निघून जाते आणि मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. पुढे सरका! मला ती आज्ञा इतकी आवडली की मी विचार न करता दाबली. सयाजीबुवा तुमच्या सातव्या घरात आले, बाकीचे त्यांच्यामागे, घरं बावीस झाली आणि फेरी झकास पूर्ण झाली. संध्याकाळी आनंदाने बुवांना जाऊन सांगितलं की तुमचं काम झालं, तुम्ही आता सातवे. त्यांनी चिलीम बाजूला ठेवली. "मला त्येच्या दारात नको घालू," म्हणाले. "त्येच्या दारात त्योच पायजे."

तेव्हा राहिला एकच उपाय. तो पहिल्या दिवसापासून समोर होता. मी निल खोडला आणि सातव्या जागी तुमचं घर परत मांडलं, दारातल्या चिंचेसकट. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "काका, तुमच्या प्रत्येक घरातून एकच माणूस का निघतो? घरात बाकी कुणी राहत नाही का?" मी म्हणालो, आवतान आहे ना, घरटी एक. आणि म्हणताना माझीच जीभ अडखळली. मग त्यांना घरभरणीची सगळी हकिगत सांगितली, ताट परत आल्याची सुद्धा. ती पोरगी जैनाघरची. उपास म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ठरवून धरलेला उपास वेगळा आणि आवतानाच्या दिवशी घडलेला वेगळा. तिने खडू घेतला आणि म्हणाली की फेरीच्या पोटात आणखी एक फेरी असते. बाहेरची फेरी घराघरांतून जाते. दारात पोचल्यावर आतली फेरी सुरू होते, ती घरातल्या माणसामाणसाला भेटते, आणि ती पूर्ण झाल्यावरच बाहेरची पुढच्या दाराला जाते. "काका, तुमची त्या दिवशी आतली फेरी राहिली." दादा, तेहतीस वर्षं मी फेऱ्या मारल्या आणि हे मला भांड्यांच्या दुकानावर एका पोरीने खडूने शिकवलं. मी सातव्या घराच्या पोटात दोन नावं लिहिली. सावळेराम. लंकाबाई. वहिनींचं नाव लिहिताना तीन वेळा चुकलं, कारण पडदा नीट दिसत नव्हता. (चष्म्याचा नंबर वाढला असावा.)

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण मी घराची माहिती खरी लिहिली. प्रत्येक घरापुढे 'कुलूप आहे का' असा रकाना होता, सातव्या घरापुढे मी 'आहे' लिहिलं. आणि खाकी माणसाला सांगून ठेवलं की दाराला कुलूप असेल तोवर थांब, उघडलं की आतली फेरी कर. बटण दाबलं. सहा घरं भराभर झाली (आतली फेरी मी शेजाऱ्यांनाही लावली होती, 'घरटी एक'ची आता भीतीच बसली आहे), एकेका घरातून सहा-सहा, सात-सात माणसं मांडवात, पाहून जीव सुखावला. सातव्या दारात खाकी माणूस थांबला, आणि थांबलाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मॅडम म्हणाल्या, याला न संपणारी फेरी म्हणतात, कारण कुलूप काढणारं खेळात कुणीच नाही. 'नाही' असं लिहून टाका काका, पुढे जाईल. मी म्हणालो, खोटं कसं लिहू? कुलूप खरंच आहे आणि किल्ली लंकावहिनींच्या कमरेला आहे. तर तो अजून तिथेच उभा आहे. भाऊकीतलं एकेक माणूस घोडेगावला काही कामाने आलं की दुकानावर चढून त्याला पाहून जातं. सयाजीबुवा परवा आले, ते अजून बिनआवतानाचेच. मी म्हणालो, बुवा, तुमच्यासाठी कुलूप काढून टाकू का? ते पडद्याकडे बघत म्हणाले, "उभा ऱ्हाऊ दी त्येला. लई दिसांनी आलाय त्या दारात. आमी थांबतो."

असा हा प्रसंग. आणखी लिहिण्यासारखं काही नाही. वहिनींना नमस्कार, लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. चूकभूल पोटात घालावी. (मघाचं कुत्रं परत आलं आणि माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलं आहे. त्याचा डावा कान फाटलेला आहे. वाडीत तुमच्या ओट्यावर पडून असायचं त्या कुत्र्याचाही असाच होता.)

आपला धाकटा,
सुभाष

ता. क. पिशवीत हिरड्याबरोबर नाचणीचे पापड आहेत. ते बायडाबाईंनी वहिनींसाठी दिले आहेत, तुम्ही हात लावायचा नाही, असा निरोप आहे.

आणखी ता. क. हे आमंत्रणाचं पत्र नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडलं असं समजावं. आज सकाळी बायडाबाईंनी मला एका दिवसापुरता, एका घरापुरता अधिकार परत दिला, आणि गाडीत बसेपर्यंत माझ्याकडून एकच शब्द पाठ करून घेतला. दादा, सोनलच्या लग्नाचं आवतान चूलबंद आहे. तुम्ही, लंकावहिनी, लेक, जावई, त्यांची पोरं, सगळ्यांनी यायचं. मांडवाचा पहिला डहाळा तुमच्या हातचा, पहिली हळद वहिनींच्या हातची. आठ दिवस आधी या, कुलूप काढा, बाहेरचा ओटा झाडून बायडाबाईंनी अंगण सारवून ठेवलं आहे. त्या दिवशी मी चुकलो. त्या दिवशी वहिनी उपाशी राहिल्या ते माझ्यामुळे, आणि भाऊकीला आवतान कशाला हे म्हणालो तेही चुकलं. हे मला दोन वर्षांपूर्वी तुमच्या दारात म्हणायचं होतं.

शेवटचा ता. क. पत्र फार लांबलं, पण त्याला तुमची झोप जबाबदार आहे. मी दीडच्या गाडीने आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर खाटेवर झोपला होतात. उठवायची हिंमत झाली नाही, म्हणून रस्त्यापलीकडे लिंबाखाली दगडावर बसून लिहायला घेतलं. आता चार वाजत आले, तुम्ही कूस बदललीत. हे पत्र तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून, पाचही पायऱ्या पाय न वाजवता उतरून, मी परत दगडावर जाऊन बसणार आहे. खाकी शर्टच घातला आहे, ओळखाल. वर मान केलीत की दिसेन. परतीची शेवटची गाडी फाट्यावर साडेपाचला आहे, ती चुकली तर मला वाईट वाटणार नाही. वहिनी बाहेर आल्या तर त्यांना सांगा, मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि चहा दिलात तर आत येणारा माणूस एकच आहे.